उलटा अडसर

दिगंबररावांनी कोटाची बाही वर सरकवली आणि खांद्यापर्यंत हात भिंतीत घातला.

"अजून आहे आत," ते म्हणाले. "बाप्पा, केवढं लांब भोक आहे हे!"

"सांभाळून," मी म्हटलं. "आत पक्षी घरटी करतात."

त्यांनी झटकन हात बाहेर काढला आणि मधुकाका खो खो हसले. मधुकाका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. दुसऱ्याची फजिती झाली की ते असे हसतात. तेव्हाही हसायचे, अजूनही हसतात. आता मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलते, पण त्या सकाळी अजून मोकळेपणाने बोलत होते.

दिगंबरराव पारखी हे माझ्या धाकट्या बहिणीचे, केतकीचे होणारे सासरे. नागपूरचे. दुसऱ्या दिवशी सकाळी लग्न होतं आणि त्या संध्याकाळी सीमांतपूजन. आम्ही तिघं उभे होतो ते इंग्लंडमध्ये, वेल्सच्या सरहद्दीवरच्या वेंडलो नावाच्या एका लहानशा किल्ल्याच्या दरवाजात. मी तिथे नोकरीला होते. जुन्या दगडी इमारतींची डागडुजी करणं हे माझं काम. तिकडे किल्ले लग्नाला भाड्याने देतात. केतकी आणि सौमित्र दोघंही बर्मिंगहॅमला राहायचे, तेव्हा लग्न तिथेच करायचं ठरलं. काकांना ते इतकं आवडलं की नाशिकमध्ये दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना त्यांनी सांगितलं, आमच्या पुतणीचं लग्न किल्ल्यात आहे. जणू किल्ला त्यांनीच सर केला होता.

दिगंबररावांना मात्र खरंच कुतूहल होतं. न्याहारी सोडून ते भिंती बघत होते, म्हणून मीही उत्साहाने दाखवत होते. वेंडलोचा दरवाजा म्हणजे नुसती कमान नाही. दोन गोल बुरूज, त्यांच्यामधून जाणारी लांब दगडी बोळ, आणि बोळीच्या डोक्यावर एक खोली. बोळीच्या एका तोंडाला पुलाकडे उघडणारं मोठं दार, दुसऱ्या तोंडाला आतल्या अंगणाकडे उघडणारं दार. दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांच्या देवड्या, आपल्याकडच्या किल्ल्यांत असतात तशाच. छताला गोल भोकं. शत्रू बोळीत शिरला की वरच्या खोलीतून त्याच्या डोक्यावर दगड टाकायचे. दारं कधीच कुजून गेली होती, पण किल्ला सांभाळणाऱ्या आमच्या ट्रस्टने ओकच्या लाकडाची नवी करून बसवली होती. अडसरसुद्धा. अडसर म्हणजे एक अख्खी तुळई. एरवी ती भिंतीतल्या त्या लांब भोकात झोपलेली असते आणि तिच्या कडेने हात जाईल एवढी फट राहते. दार लावलं की ती बाहेर ओढायची आणि समोरच्या भिंतीतल्या खोबणीत सारायची.

"पण हे उलटं नाही का?" अंगणाकडच्या दाराशी उभे राहून दिगंबररावांनी विचारलं. "पुलाकडच्या दाराला अडसर बोळीच्या बाजूने आहे, ते बरोबर. बाहेरच्याला ढकलता येऊ नये. पण या मागच्या दाराचा अडसरही बोळीच्याच बाजूने. म्हणजे हे दार बंद केलं तर बाहेर कोण राहतं? अंगणातली माणसं. किल्ल्यातलीच माणसं!"

"गवंडी आपल्या सिन्नरचा असणार," काका म्हणाले आणि परत हसले.

"पर्यटकांसाठी लावलेल्या बोर्डावरही तसंच लिहिलंय," मी म्हटलं. "गवंड्याची चूक म्हणून."

"आणि तुमचं मत?"

"एखादा दगड चुकतो. पुरुषभर लांबीचं भोक भिंत रचता रचता चुकून राहत नाही."

"मग कोणासाठी केलं?"

मी सांगणार तेवढ्यात काकांनी घड्याळ दाखवलं. "चला, चला. दगडं कुठे जात नाहीत. पोहे गार होतील." आणि ते दिगंबररावांच्या खांद्यावर हात टाकून त्यांना घेऊन गेले. यजमान असल्यासारखे.

यजमान ते नव्हते, हे आधी सांगायला हवं. बाबा गेल्यावर तीन वर्षं आमच्या घरातल्या प्रत्येक कार्यात काका पाटावर बसत होते. त्याला कोणी हरकत घेतली नव्हती, कारण त्यांनी कोणाला विचारलंच नव्हतं. त्यांच्या मुलाच्या, बंटीच्या मुंजीत त्यांनी आईला स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची दिली. "वहिनी, तुम्हाला इथून छान दिसेल," असं म्हणाले. आईला तिथून आचाऱ्याची पाठ दिसत होती. तरी ती तिथेच बसली. पण केतकी बोलली. लग्न ठरलं त्याच दिवशी तिने सगळ्यांना फोनवर सांगितलं, सीमांतपूजन आई करेल, कन्यादानही आई करेल. एकटी. मान्य नसेल त्यांनी नुसतं जेवायला यावं. काका त्यावर म्हणाले होते, "बरं बाई, तुझं लग्न, तुझं राज्य."

आणि आई! आई सिन्नरच्या शाळेत भूगोल शिकवायची. सगळं आयुष्य मुलांना नकाशावर इंग्लंड दाखवलं आणि आता स्वतः आली ती देवघरातलं पितळी ताम्हन नऊवारीत गुंडाळून. विमानात ते तिने मांडीवर ठेवलं होतं. मोरपंखी रंगाची नवी साडी घेतली होती, बाबा गेल्यापासूनची पहिली. जावयाचे पाय धुवायचे, त्याला ओवाळायचं, विहिणीची ओटी भरायची, हे सगळं तिने गुरुजींना फोन करून दोनदा समजून घेतलं होतं. मला म्हणाली होती, "विभा, मला या वेळी समोर उभं राहायचंय गं. खुर्चीवरून नाही बघायचं."

संध्याकाळी बोळीत रांगोळी काढली. पाट मांडला, चौरंग मांडला. तिकडे उन्हाळ्यात सातलाही लख्ख ऊन असतं, बोळीच्या दोन्ही तोंडांतून उजेड आत आला होता. अंगणात आमच्याकडची पाहुणेमंडळी खुर्च्यांवर बसलेली. वरच्या खोलीत केतकी नटत होती. पुलापलीकडे पारख्यांची बस येऊन थांबली, कोणीतरी फोनवर सनई लावली. आणि आईचा पत्ता नाही.

मी देवडीचं दार ढकललं. आम्ही तिथे पाहुण्यांचे कोट ठेवले होते. कोटांच्या ढिगाशेजारी स्टुलावर आई बसलेली. अंगावर जुनी बदामी साडी. मोरपंखी साडी घडी घालून मांडीवर, वर ताम्हन.

"हे काय? साडी का बदललीस?"

"काकू करेल गं पूजन. ती सवाष्ण आहे."

"कोण म्हणालं?"

"विभा, आवाज करू नकोस."

"कोण म्हणालं, आई?"

तिने ताम्हनाची कड अंगठ्याने पुसली. "पारख्यांकडून निरोप आला. भाऊजींनी सांगितलं दुपारी. त्यांच्याकडे चालत नाही म्हणे, अशा बाईने शुभकार्यात पुढे झालेलं. त्यांचंही बरोबर आहे. केतकीला तिथे आयुष्य काढायचंय. पहिल्याच दिवशी खटका नको."

अशा बाईने. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सकाळी मी त्या माणसाला दगडन् दगड दाखवला होता! हात भिंतीत घालून लहान मुलासारखं विचारत होता, आणि दुपारी हा निरोप! मी तशीच बोळीत गेले, पुलाकडच्या दाराच्या दोन्ही फळ्या ओढल्या आणि कडी घातली. धाडकन आवाज झाला तो अख्ख्या बोळीत घुमला. बाहेर सनई चालूच होती.

"अहो! आम्ही आलो आहे!" बाहेरून दिगंबररावांचा आवाज.

त्या मोठ्या दारात एक लहान दिंडी आहे, एका माणसापुरती. मी ती उघडली. बाहेर फेटे, शेरवान्या, पुलावरच्या गार वाऱ्याने लाल झालेली नाकं. मध्ये सौमित्र हातात नारळ घेऊन उभा.

"दिगंबरराव, आमच्या आईचं तोंड बघायचं नसेल तर आमचं दारही बघू नका," मी म्हटलं.

"काय?"

"विधवा बाई समोर नको ना तुम्हाला? मग सरळ बसमध्ये बसा आणि हॉटेलवर जा. तिथे सवाष्णी पुष्कळ मिळतील."

ते वाकून दिंडीतून आत डोकावले. फेटा चौकटीला अडकला, तो त्यांनी हाताने धरला. "कोण म्हणालं असं? विभावरीताई, मी असं बोललो? कधी?"

"दुपारी. काकांजवळ निरोप दिलात."

"मी तर दुपारभर झोपून होतो हो!"

त्यांच्या बाजूने एक हात आला आणि त्यांना मागे ओढलं. दिंडीत रोहिणीताईंचा, सौमित्रच्या आईचा चेहरा आला. त्या चिडलेल्या होत्या. माझ्याइतक्याच.

"हे काय होऊन राहिलं आहे, मला नीट सांगा," त्या म्हणाल्या. "आम्ही कशाला नको म्हणू? उलट मलाच वाईट वाटून राहिलं होतं की विहीणबाई येणार नाहीत. तुमच्या काकांनी कालच फोन केला होता. म्हणाले, वहिनींना असं पुढे होणं सोसत नाही, रडू येतं त्यांना, तेव्हा तुम्ही आग्रह करू नका, विषयही काढू नका. म्हणून मी गप्प बसली."

मी वळले. काका अंगणाकडून धावत येत होते. जरीकाठी उपरणं एका खांद्यावरून घसरलेलं.

"अगं, वेड लागलंय का तुला? दार काय लावतेस? मुहूर्त..."

"काका, यांना तुम्ही सांगितलंत आईलाच यायचं नाही. आणि आईला सांगितलंत यांना ती नको."

"हळू बोल. पाहुणे आहेत."

"खरं की खोटं?"

काकांनी उपरणं सारखं केलं. जराही लाजले नाहीत. मला अजूनही त्याचाच राग येतो. खोटं पकडलं गेल्यावर माणूस निदान खाली बघतो. "लग्नकार्यात चार गोष्टी अशा कराव्या लागतात," ते म्हणाले. "कोणाला वाईट वाटू नये म्हणून दुसऱ्याचं नाव घ्यायचं. वहिनींना मी सरळ नाही म्हटलं असतं तर त्यांना लागलं असतं. आता कोणालाच लागलं नाही. तू मध्ये पडलीस म्हणून हा तमाशा झाला."

"कोणालाच लागलं नाही? ती आत कोटांच्या ढिगाशेजारी बसलीय!"

"बसू दे. दहा मिनिटांचं काम. आपल्या घराण्याची काही रीत आहे का नाही? उद्या केतकीचं काही वाईट झालं तर नाव कोणाला ठेवणार लोक?"

"आमचं नाव कशाला वापरलं मग?" दिंडीतून दिगंबरराव ओरडले. "मधुकरराव! आमचं नाव कशाला घेतलं?"

"काका!"

हा आवाज वरून आला. आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. छताच्या भोकातून केतकीचा अर्धा चेहरा दिसत होता, मुंडावळ्या खाली लोंबत होत्या. तिने सगळं ऐकलं होतं.

"आई आली नाही तर उद्या मी अंतरपाटासमोर उभी राहणार नाही. सौमित्र, तुलाही सांगते. नाही म्हणजे नाही."

"नवरी आहेस तू! वरून काय ओरडतेस!" काका म्हणाले, आणि मग माझ्याकडे बोट केलं. "तुम्हा दोघींच्या डोक्यावर कोणी राहिलं नाही, त्याचा हा परिणाम. थांबा. आत्ता गुरुजींना आणतो, चार मोठी माणसं आणतो. काकू ताट घेऊन येईल आणि रीतसर पूजन होईल. बघतो कोण अडवतंय ते."

आणि ते तरातरा अंगणाकडे निघाले.

मला ओरडायचं होतं, पण ओरडून उपयोग नव्हता. पंचवीस माणसं घेऊन ते येणार, सगळे आईच्या भोवती जमणार, जाऊ दे हो, जाऊ दे हो म्हणणार, आणि आईच सगळ्यात आधी जाऊ दे म्हणणार. मी तिला ओळखत होते. एवढ्या माणसांसमोर ती पुन्हा खुर्ची मागून घेईल.

मागच्या दाराच्या उंबऱ्यावर काकांना काकू आडवी आली. तिच्या हातात पूजेचं ताट होतं. "इथेच थांब, मी आलोच," काका तिला म्हणाले आणि पुढे गेले. काकू थांबली नाही. उंबरा ओलांडून ती बोळीत आली, ताट रांगोळीशेजारी ठेवलं आणि पदर खोचला. काकूला मी आयुष्यात कधी काकांच्या पुढे बोलताना ऐकलं नव्हतं.

"वहिनी कुठे आहेत?"

"देवडीत."

"मग बघत काय उभी राहिलीस? हे दार लागतं ना?"

"लागतं. पण काकू..."

"बंटीच्या मुंजीत त्या स्वयंपाकघराशी बसल्या होत्या, तेव्हा ताट माझ्याच हातात होतं," काकू म्हणाली. "एक घास गेला नाही मला त्या दिवशी. आता लाव ते दार. येतील सगळे."

आम्ही दोघींनी मिळून अंगणाकडच्या दाराच्या फळ्या लोटल्या. मग भिंतीतल्या भोकात हात घालून अडसराचं लोखंडी कडं धरलं. तो अडसर हलवायला आमच्याकडे दोन गडी लागतात. काकूच्या बांगड्या दगडावर घासत होत्या. एक फुटली. तिने ती काढून बाजूला टाकली आणि परत कडं धरलं. तुळई कुरकुरत बाहेर आली, दारावरून आडवी सरकली आणि समोरच्या खोबणीत जाऊन बसली.

दुसऱ्याच क्षणी बाहेरून दारावर हात पडला. "दार उघडा! विभा! काय पोरखेळ आहे हा? काकूला बाहेर पाठव!"

"मी येत नाही," काकू म्हणाली. तेही इतक्या साध्या आवाजात, की बाहेर ऐकू गेलं नसेल.

मी पुलाकडच्या दाराची कडी काढली. पारखी मंडळी आत आली. दिगंबरराव सरळ मागच्या दाराशी गेले आणि त्या आडव्या तुळईवर हात ठेवून उभे राहिले. पलीकडून काका धडका मारत होते.

"सकाळी तुम्ही सांगायचं राहिलं," ते म्हणाले. "कोणासाठी होतं हे?"

"ज्याने दरवाजा बांधला त्याला आपल्याच पगारी शिपायांची भीती होती," मी म्हटलं. "बाहेरच्यांपेक्षा जास्त. ते उलटले तर दोन्ही दारं लावून एवढ्या बोळीत तग धरता यावा, म्हणून दोन्ही अडसर आतून."

"चूक नव्हती म्हणजे."

"नव्हती."

देवडीचं दार उघडलं. आई बाहेर आली. बदामी साडीच होती, पण पदर सारखा केलेला, आणि हातात ताम्हन. देवडीला नुसतं एक पातळ फळीचं दार, तिने शब्द न् शब्द ऐकला असणार. ती आधी मागच्या दाराशी गेली.

"भाऊजी," ती दारापाशी तोंड नेऊन म्हणाली. वर्गात मागच्या बाकापर्यंत जाणारा तिचा आवाज मी कितीतरी वर्षांनी ऐकला. "आपटू नका. पाहुणे दचकतात."

"वहिनी, आधी अडसर काढा! मुलीकडचा कर्ता मी आहे!"

"मुलीकडची मी आहे. तुम्ही बसून घ्या. आमचं झालं की उघडते."

मग तिने सौमित्रला पाटावर उभं केलं. काकूने तांब्या दिला. आईने त्याचे पाय धुतले, पुसले, टिळा लावला. थेंबही ताम्हनाबाहेर सांडला नाही. गुरुजी बिचारे अंगणात अडकले होते. त्यांना काय वाटलं कोण जाणे, ते दाराच्या फटीशी येऊन मोठ्याने मंत्र म्हणू लागले. काकांनी त्यांना गप्प बसायला सांगितल्याचं ऐकू आलं. "सुरू केलंय, आता मध्ये थांबता येत नाही," असं उत्तरही ऐकू आलं. आईने निरांजन लावलं आणि जावयाला ओवाळलं. वरच्या भोकातून केतकी बघत होती. तिच्या डोळ्यांतलं पाणी टपकन रांगोळीवर पडलं आणि त्या जागी रंग फुटला.

विहिणीची ओटी भरून झाली. आता रीतीप्रमाणे रोहिणीताईंनी आईला हळदकुंकू लावायचं. रोहिणीताईंनी काकूच्या ताटातला करंडा उचलला आणि बोट कुंकवात बुडवलं. आईने ते पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला. एवढं सगळं केलं होतं तिने, पण हे तिने हिशेबात धरलंच नव्हतं. ती एक पाऊल मागे गेली. मग आणखी एक. तिची पाठ अडसराला टेकली.

"मागे कुठे जाता, विहीणबाई?" रोहिणीताई म्हणाल्या. "मागे बंद आहे."

काका अजून मारतच होते. प्रत्येक धक्क्यासरशी फळ्या हादरत होत्या, अडसर हादरत होता, आणि ते आईच्या पाठीला लागत असणार. आईने दोन्ही हातांनी मागची तुळई घट्ट धरली, हनुवटी थोडी वर केली आणि डोळे मिटून उभी राहिली. ती हलली नाही. कुंकू सरळ लागलं.